असशील तिथून

प्रिय प्रफुल,

तिसरी सरी अर्धी झाली होती तेव्हा आईनं धुऱ्यावरून, बांधावरूनच, हाक मारली. माझ्या दोन्ही हातांत कांतानं दिलेले जुने मोजे होते. भेंडीची लव मला सहन होत नाही आणि मोज्यांमुळे चाकू नीट धरता येत नाही, त्यामुळे मी फार हळू तोडते. कांता, तुझी बायको, पलीकडच्या सरीत माझ्या बरीच पुढे गेली होती. महाराज आले, असं आई सांगत होती. कांतानं मान वर केली नाही. मी टोपली तिथेच ठेवून निघाले.

विधी करणारे हे महाराज तरुण आहेत, वर्ध्याहून मोटारसायकलवर आले होते. लिंबाखाली खाटेवर बसून ते पाणी प्यायले आणि उद्याचं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. पळसाचे देठ लागतील. त्यांचा माणसाच्या आकाराचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ. बोर नदीच्या काठावर त्याला अग्नी द्यायचा. मग तीन दिवसांचं सुतक. माणूस जाऊन बारा वर्षं उलटली आणि काही ठावठिकाणा लागला नाही, की असं करता येतं. एखाद्याला एसटीचा मार्ग सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं, आणि मला ते बरं वाटलं. मी विचारलं, नंतर माणूस परत आला तर काय करायचं. ते म्हणाले, त्यालाही उपाय आहे. तो नव्यानं जन्मला असं धरायचं आणि सगळे संस्कार पहिल्यापासून करायचे.

"आला त बारसं करून टाकू," आई म्हणाली. "नाव तेच ठेवू."

महाराज हसले. आई हसली नाही. पळसाचे देठ आजच तोडून ठेवावे लागतात, तेव्हा संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, असं म्हणून ते उठले. आईनं माझ्याकडे बोट केलं. "माही पोरगी शिकलेली हाये," ती त्यांना म्हणाली. "थे सांगन." म्हणजे तू जिवंत आहेस की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

हे आत्ताच का, ते सांगते. अंकिताचं लग्न ठरलं आहे. तू गेलास तेव्हा तुझी मुलगी चौथीत होती. मुलगा देवळीचा, घरचं कृषी केंद्र आहे, कमी बोलतो, तुला आवडला असता. सेलूच्या प्रेसवाल्यानं पत्रिकेचा मजकूर मोबाइलवर पाठवला. तुझ्या नावाच्या आधीची जागा त्यानं मोकळी सोडली होती आणि खाली विचारलं होतं, श्री. की कै.? अंकितानं मोबाइल कांताला दाखवला. कांतानं आईकडे दिला, आईनं माझ्याकडे. मी वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

मी परदेशातून कायमची परत आले हे तुला माहीत नसणार. निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. एका खोलीत मी असते, दुसरीत पुस्तकांचे खोके. निम्मे अजून उघडलेले नाहीत. तिथून पाऊण तासात शेतात येता येतं म्हणून ही जागा. आठवड्यातून एकदा येते, उरलेले दिवस दार लावून वाचत बसते. शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, मॅडम तिकडे काय शिकवत होत्या. इतिहास, म्हटलं. गांधीजींचा का? म्हटलं नाही, तिथल्या काळ्या लोकांचा, गुलामगिरीचा आणि गुलामगिरी संपल्यानंतरचा. त्या म्हणाल्या, मग तो तिकडच्यांनीच शिकवायचा ना. तिकडेही मला आयुष्यभर हेच विचारत होते, जरा सभ्य शब्दांत. इथल्या एका कॉलेजनं भाषणाला बोलावलं. मुलांनी व्हिसाबद्दल प्रश्न विचारले, मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग प्राचार्यांनी रोपटं दिलं. ते गॅलरीत आहे. इथे मला कोणी फोन करत नाही, आणि तिकडून आता आठवड्याला एखादी मेल येते.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी या विषयाकडे कशी वळले. तू विचारायचास, तिकडे आंबे मिळतात का. मी गेले ती कापसावर काम करायला. वर्ध्याच्या मुलीला कापूस सोपा, असा माझा हिशेब. एकोणिसाव्या शतकात तिकडे यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस अडकला, आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी मागणी आली. तो प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी तिथली जुनी वर्तमानपत्रं वाचावी लागली. एका काळ्या लोकांच्या चर्चच्या तळघरात ती बांधून ठेवलेली होती. मी कापसाचे भाव शोधत होते. भावांच्या शेजारच्या रकान्यात लहान टायपात जाहिराती होत्या, 'माहिती हवी आहे' अशा मथळ्याच्या. गुलामगिरी संपल्यावर लोकांनी आपली माणसं शोधायला त्या दिल्या होत्या. आई मुलाला शोधते आहे, भाऊ बहिणीला. कोणत्या मालकानं कोणाला विकलं, त्यानं पुढे कोणाला विकलं, शेवटचं कुठे पाहिलं, अंगावर काय खूण. आणि तळाशी विनंती, की धर्मगुरूंनी ही जाहिरात आपापल्या चर्चमध्ये वाचून दाखवावी.

ते वाचताना मला केळझर आठवलं. तू पाच वर्षांचा असशील. चतुर्थीच्या गर्दीत बाबांच्या हातून सुटलास. थोड्या वेळानं देवळाच्या भोंग्यावर ऐकू आलं, निळी चड्डी, अंगात शर्ट नाही, नाव विचारलं तर सांगत नाही, फक्त प्रसाद मागतो. बाबा पळत गेले. तू मांडी घालून बसला होतास आणि परत यायला तयार नव्हतास. त्या तळघरात मी हे आठवून एकटीच हसले. चर्चचे कागद सांभाळणारी म्हातारी समोर बसली होती. तिनं माझ्या हातातलं पान पाहिलं आणि विचारलं, तुझं कोण हरवलं आहे? मी म्हटलं, कोणी नाही. ते खरं होतं. मी कापूस तिथेच सोडला आणि पुढची सगळी वर्षं त्या जाहिराती वाचण्यात घालवली. तू गेल्यानंतर ज्या थोड्या लोकांना कळलं, त्यांना वाटलं, म्हणून हिनं हा विषय घेतला. विषय आधी आला, प्रफुल. तू नंतर गेलास.

त्या जाहिरातींतली एक बाई मला सोडत नव्हती. हॅना. तिचा मुलगा जेकब लहान असतानाच विकला गेला होता, भुवईवर भाजल्याचा डाग. तिनं पहिली जाहिरात दिली तेव्हा ती तरुण होती. शेवटची दिली तेव्हा म्हातारी. मजकूर जवळजवळ तोच, फक्त मुलाचं वय वाढवत नेलेलं. मग एका खानेसुमारीत मला ती पुन्हा सापडली. तिथे बायकांना विचारत असत, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. हॅनानं दोन्हींचं उत्तर एकच दिलं होतं. जेकबला तिनं हयात मुलांत धरलं होतं. माझं पुस्तक त्या उत्तरावर उभं आहे. शोधत राहणं हेच तिच्याजवळ उरलेलं आईपण होतं, असं मी लिहिलं. त्या पुस्तकामुळे मला नोकरी पक्की मिळाली, नाव मिळालं.

एकदा रविवारच्या फोनवर आईनं विचारलं, तू तिथे दिवसभर करतेस काय. मी तिला हॅनाची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी आईनं पहिला प्रश्न केला, "हन्नाबाईचं पोरगं सापडलं का वं?" मी म्हटलं, अजून नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि राहून गेलं. मग तो दर रविवारचा प्रश्न झाला. शेतात काय लावलं, पाऊस किती झाला, कांता कशी आहे, आणि हन्नाबाईचं पोरगं सापडलं का. मी दर वेळी म्हणायची, नाही अजून. आई म्हणायची, सापडन.

तू गेलास त्या रविवारनंतर तिनं ते विचारणं बंद केलं.

तुझी मोटारसायकल सेवाग्राम स्टेशनच्या स्टँडवर सापडली, हे तुला माहीत आहे, तूच ठेवली होतीस. मागे भाजीची रिकामी कॅरेट बांधलेली होती. ती धुतलेली होती. माल विकून झाल्यावर तू ती बाजारातल्या नळावर धुतलीस, पालथी घालून बांधलीस आणि मग गेलास. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दारू नव्हती. बाबा पुढे कितीतरी दिवस त्या कॅरेटबद्दलच बोलत. ज्याला जायचं आहे तो कॅरेट कशाला धुईल, असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटायचं, पण मी बोलले नाही. ते केळझरलाही गेले. माइकवाल्यानं वय विचारलं, बाबांनी एक्केचाळीस सांगितलं. तो म्हणाला, काका, एवढ्या मोठ्या माणसाचं कसं सांगू? तरी त्यानं सांगितलं.

वर्तमानपत्रात द्यायची जाहिरात बाबांनी मला लिहायला सांगितली, कारण मी त्यातली जाणकार. मी हजारो वाचल्या होत्या. मी लिहिलं: उंची, रंग, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे पाहिलं. फोनवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, हे पोलिसांसाठी ठीक आहे. मग त्यांनी स्वतःची लिहिली आणि तीच छापली. चि. प्रफुल, असशील तिथून निघून ये. आईने अन्न सोडले आहे. कोणी रागावणार नाही. तुझेच बाबा. त्या वर्षीही मी माझी सगळी व्याख्यानं दिली. विभागात कोणाला काही सांगितलं नाही. त्यांच्यापुढे मी इतरांच्या हरवलेल्या माणसांबद्दल बोलत असे, माझा आवाज नेहमीसारखाच होता. घरी येऊन भात टाकायची आणि तो होईपर्यंत बाबांची जाहिरात वाचायची. पुढे बाबा वारले. ते असेपर्यंत तुझ्या विधीचा शब्द कोणी काढला नव्हता.

आज महाराज गेल्यावर मी परत शेतात गेले. कांता तिची सरी संपवून माझ्या सरीत उलट्या टोकानं येत होती. आम्ही मध्ये भेटलो. मी तिला विचारलं, तुला काय हवं आहे. मग माझ्या कामाला लागले. आमच्या कामात एवढी एकच गोष्ट नीट शिकवतात, की प्रश्न विचारल्यावर समोरच्याला मदत करायची नाही. कांतानं दोन-तीन झाडांची भेंडी तोडली. एक जून भेंडी धुऱ्यावर फेकली.

"मले विधवा व्हायची हौस नाई, ताई," ती म्हणाली. "पण मले काईतरी एक होऊ द्या."

नंतर ती बरंच बोलली, माझ्याकडे न बघता. हळदीकुंकवाला बायका तिच्या कपाळाशी कुंकू आणतात आणि त्यांचा हात थांबतो. अगदी क्षणभर. मग लावतात. कोणी टाळलेलं नाही, कोणी काही बोललेलं नाही. पण तो हात प्रत्येक वेळी थांबतो. आता लग्नात सगळ्यांचेच थांबतील. आईनं तिलाही हॅनाची गोष्ट सांगितली होती, एकदा नाही, कितीदा. "हन्नाबाई माय होती," कांता म्हणाली. "माय काई झालं तरी मायच राह्यते. माह्यं तसं नाई." तुझ्याबद्दल ती वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. शेवटी तिनं माझ्या टोपलीत पाहिलं आणि म्हणाली, तुमाले भेंडी जमत नाई ताई, तुमी जाऊन बसा.

मी जाऊन आईजवळ बसले. सांगितलं, उद्या करू. ती बराच वेळ पदराच्या टोकाची गाठ सोडत आणि बांधत राहिली. मग तिनं माझ्यापुढे इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं. हन्नाबाईनं केलतं का असं, असं तिनं विचारलं. मला वाटलं, आता खोटं बोलायचं नाही. मी सांगितलं की हॅना वारली, फार वर्षं झाली, आई जन्माला यायच्याही आधी. जेकब सापडला नाही.

"मले मालूम होतं वं," आई म्हणाली. "इतके वर्षं कोणी जित्तं राह्यते का."

मग विचारत काऊन होती, मी म्हटलं. माझ्या तोंडून बऱ्याच वर्षांनी 'का'च्या जागी 'काऊन' आलं.

"तुले दुसरं काय विचारू? तुह्या तिकडलं मले एकच नाव मालूम होतं."

मी उठून विहिरीकडे गेले. तिकडे माझं घर होतं, बर्फ होता, विद्यार्थी होते, एक माणूस काही वर्षं होता, त्याचंही नाव मी घरी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यातलं आईकडे एक नाव पोहोचलं होतं आणि ती दर रविवारी त्याच नावानं माझी चौकशी करत होती. मी उत्तर देत होते, अजून नाही. पंपाचं पाणी सुरू होतं, मी मोजे धुऊन तारेवर टाकले. मग महाराजांना फोन केला.

आता ऊन उतरलं आहे. अंकिता पळसाचे देठ घेऊन आली, नवी पानं आहेत, कोवळी. ती आणि कांता ओट्यावर बसून पानं खुडून देठ एकीकडे लावताहेत. अग्नी मी देणार, असं अंकितानं सांगितलं आणि महाराज हो म्हणाले. मी खाटेवर हे लिहिते आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि उद्या सकाळनंतर लिहिलं तर ते दुसऱ्या कोणाला लिहिलेलं असेल, म्हणून आज लिहिते. मी आयुष्यभर ज्या जाहिराती वाचल्या त्या हरवलेल्या माणसाविषयी बोलतात, ज्याला तो भेटला असेल त्याच्याशी. बाबांनी तसं केलं नाही, ते सरळ तुझ्याशी बोलले. मी तुझ्याविषयी पुष्कळ विचार केला, तुझ्याशी एकदाही बोलले नाही. तेवढं एक वाक्य मला तू जिवंत असताना म्हणायचं होतं. असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही. उद्यानंतर आलास तरी ये, बारसं करू. नाव आईनं ठरवून ठेवलं आहे.

तुझीच,
ताई

सकाळी. विधी झाला. अंकितानं अग्नी दिला. देठ लवकर जळले, नारळाला वेळ लागला. पाणी सोडताना आईनं महाराजांना आणखी एक नाव सांगितलं, जेकब. त्यांनी गोत्र विचारलं. आमचंच लावा, ती म्हणाली. घरी आल्यावर कांतानं मंगळसूत्र आपल्या हातानं काढलं आणि अंकिताजवळ दिलं. सुतक आहे, तीन दिवस बाजार नाही, पण भेंडी ठेवली तर जून होते. कांता आणि मी राहिलेल्या सऱ्या तोडायला गेलो.